होडी हलेना, दार उघडेना

नदी समुद्राला मिळते, तिथे चिखल. चिखलात बीळ. बिळात राहायची इवलीशी चिंबी खेकडी.

एकदा चिंबी फिरायला गेली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. परत येते तर काय? दारावर होडी बसलेली! आता घर नाही. उघड्यावरची खेकडी म्हणजे कोणाच्याही तोंडचा घास. चिंबी फार घाबरली.

"होडी, होडी, हलतेस का? दार उघडेना!"
होडी म्हणाली, "नदी भरली, तर हलेन."

चिंबी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"नदी, नदी, भरतेस का? होडी हलेना, दार उघडेना!"
नदी म्हणाली, "समुद्र आत आला, तर भरेन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"समुद्रा, समुद्रा, येतोस का? नदी भरेना, होडी हलेना, दार उघडेना!"
समुद्र म्हणाला, "बेटानं वाट दिली, तर येईन."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"बेटा, बेटा, वाट देतंस का? समुद्र येईना, नदी भरेना, होडी हलेना, दार उघडेना!"
बेट म्हणालं, "पायाला जाळं बांधलंय. धाकलीबायनं सोडलं, तर देईन."

धाकलीबाय कोळीण किनाऱ्यावर बसली होती. टोपली पालथी घालून, आरामात.

तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"धाकलीबाय, धाकलीबाय, जाळं सोडतेस का? बेट वाट देईना, समुद्र येईना, नदी भरेना, होडी हलेना, दार उघडेना!"
धाकलीबाय म्हणाली, "माजी होरी चिखलान बसलीय. होरी आली, तं जाला सोरीन."

घ्या! फिरून फिरून पुन्हा होडीच! चिंबीला रडूच फुटलं. भ्यां!

"रडतीस कशाला गं?" धाकलीबाय म्हणाली. "तुला डेंगे हायत ना? धर जाल्याची गाठ, नि खेच!"

चिंबीनं आपले डेंगे पाहिले. एक नांगी इकडे, एक नांगी तिकडे. खरंच की! हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

चिंबी बेटापाशी गेली. डेंग्यात गाठ धरली. कच्च! खेचली. सर्रर्र!

जाळं सुटलं.
बेटानं वाट दिली.
समुद्र आत आला, धो धो.
नदी भरली, डब डब.
होडी हलली, डुलू डुलू.
दार उघडलं!

चिंबी आत. सुळ्ळकन! वर चिखलाचा गोळा लावला. थप्प!

तेवढ्यात काठावर बगळा आला. लांब चोच, गोड आवाज.
"चिंबी, चिंबी, बाहेर येतेस का?"

चिंबी आतून म्हणाली, "समुद्र आटला, तर येईन."

बगळा बिचारा थांबला. एका पायावर. अजून तिथेच उभा आहे.