पालथी पाटी

“आणि तिथंही बोलली नाही तर?”

हा प्रश्न वृषाली आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होती. झोपत होती म्हणजे नवरा घोरत होता आणि ती छताकडं बघत होती.

तोच प्रश्न आता तिनं शिकलगार गुरुजींपुढं ठेवला. शेंडगेमळ्याच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर बसून गुरुजी ओल्या फडक्यानं पाट्या पुसत होते. वृषालीला चिकटून रेवा उभी होती. वय सहा, आईच्या ओढणीचं टोक तोंडात.

रेवा घरी दिवसभर बोलायची. मांजराशी, नळाशी, चिरायला घेतलेल्या भेंडीशीसुद्धा. पण तालुक्याच्या इंग्रजी शाळेत अख्ख्या वर्षात तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तिथल्या बाईंनी शेवटी अगदी गोड आवाजात सांगितलं, हिला अजून एक वर्ष याच वर्गात ठेवू या. त्यावर शेजारच्या शालनकाकी म्हणाल्या, त्या व्हॅनमध्ये कोंबून पाठवण्यापेक्षा पोरीला आपल्या गुरुजींकडं घेऊन जा की.

वृषाली एमएस्सी होती, केमिस्ट्रीत. मोबाईलवर या विषयाचं जेवढं सापडलं तेवढं तिनं वाचून काढलं होतं आणि प्रत्येक लेखानंतर आपलं आणखी काय काय चुकलं ते तिला नव्यानं कळलं होतं.

“नाहीच बोलली तर काय करायचं, गुरुजी?”

गुरुजींनी एक पाटी उजेडात धरली. डाग दिसला. परत पुसली.

“बघू,” ते म्हणाले.

एमएस्सी झालेल्या बाईला ‘बघू’ एवढं उत्तर पुरत नाही. तिनं चौकशी शाळेकडं वळवली. ही शाळा मध्यंतरी बंदच व्हायची होती, पोरंच उरली नव्हती, पत्रे गळत होते, हे तिनं ऐकलं होतं. आता वर नवे पत्रे, नळाला पाणी, आणि आत पोरांना मांडी घालायला जागा पुरत नव्हती. व्हॅननं जाणारी काहीजण परत आली होती. एवढं सगळं दिलं कुणी? एखाद्या कंपनीनं? पुढाऱ्यानं?

“गावानं.”

“तुम्ही मदत मागितलीत?”

“छे. मदत मागितली की माणसं रस्ता बदलतात.”

“मग काय मागितलंत?”

“प्रश्न.”

वृषालीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

गुरुजी हसले आणि पाट्या पुसता पुसता सांगू लागले. शाळेचा शेवटचा तास गावाचा. रोज गावातल्या कुणीतरी यायचं आणि पोरांना एक प्रश्न विचारायचा. अट एकच, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलं पाहिजे. सलूनवाला पोपट आला, त्यानं विचारलं, माणसाचे केस आधी कानाजवळच का पिकतात? शालनकाकी आल्या, त्यांनी विचारलं, घरात जावई आला की आमचं मांजर माळ्यावर का चढतं? मग संपतराव वायरमन आले. पोरं त्यांच्या प्रश्नावर विचार करत बसली, तेवढ्यात पत्र्यातनं गळणारं पाणी टपकन संपतरावांच्या टोपीवर पडलं. पुन्हा आले ते शिडी आणि चार माणसं घेऊनच.

“मी त्यांना पत्र्याबद्दल काहीच बोललो नव्हतो,” गुरुजी म्हणाले.

“आज कोण येणार आहे?”

गुरुजींनी पुसलेल्या पाट्यांची चवड उचलली.

“तुम्ही.”

आत पोरं बस्करांवर बसली होती. गुरुजींनी पाट्या वाटल्या. एक पाटी रेवाच्या हातात दिली. तिला नाव विचारलं नाही, कविता म्हणून दाखव म्हणाले नाहीत, गालाला हातही लावला नाही. पुढं निघून गेले.

दोन वेण्यांच्या एका पोरीनं मात्र विचारलंच, “नाव काय गं तुझं?”

“रेवा,” वृषाली म्हणाली. “जरा लाजते.”

पोरीनं रेवाकडं बघितलं, मग वृषालीकडं बघितलं. बस्करावर सरकून तिनं जागा केली. रेवा तिच्याजवळ जाऊन बसली. ओढणीचं टोक तेवढं मागं राहिलं, ओलं.

वृषाली फळ्यापाशी उभी राहिली. गुरुजी दारात टेकले. प्रश्न कसला विचारायचा? पोरांना झेपेल असा, थोडा विज्ञानाचा...

“बरं, मला सांगा,” ती हसून म्हणाली, “लोखंडाला गंज का चढतो?”

खट्. खट्. खट्.

वर्गातल्या पाट्या एकामागून एक पालथ्या पडल्या.

“हे काय?”

“मावशी, तुम्हाला म्हाईत हाय की ते,” वेण्यांची पोरगी म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

“तुमी हसून इचारलं.”

“आन् मान हालवत,” मागून कुणीतरी भर घातली. गुरुजी बाहेर, चिंचेकडं बघत होते.

वृषालीनं चेहरा गंभीर केला, मान ताठ ठेवली. आकाश निळं का दिसतं, हे तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

खट्. खट्. खट्.

आणि सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं, आणखी एक. खट्.

ती पाटी रेवाची होती. ती पालथी घालून रेवा आईकडं बघून चक्क हसत होती.

वृषालीला सकाळ आठवली. सकाळपासून तिनं रेवाला काय काय विचारलं होतं. डब्याचं झाकण कुठल्या रंगाचं? ताटात पोळ्या किती? बाहेर ओरडतोय तो कोण? एकेका प्रश्नाचं उत्तर आधीच तिच्या जिभेवर बसलेलं असायचं, बाहेर पडायला टपून.

“गुरुजी, मला दुसरा प्रश्न सुचत नाहीये.”

“मुद्दाम शोधू नका, ताई. झोप कशानं उडालीय, ते विचारा.”

...

“माझी मुलगी,” वृषाली म्हणाली, आणि थांबली. भरल्या वर्गात हे असं बोलू नये, असं एका लेखात स्पष्ट लिहिलं होतं. “माझी मुलगी शाळेत बोलत नाही. का, ते मला माहीत नाही.”

तिनं डोळे मिटून खट्ची वाट पाहिली.

एकही पाटी पालथी झाली नाही.

पोरं खरोखरच विचारात पडली होती. एकजण म्हणाला, दात हलत असेल. दुसऱ्यानं सांगितलं की त्यांची म्हैसपण गोठा बदलला की आठवडाभर दूध चोरते. म्हशीवरून थोडा वाद झाला. रेवा मन लावून ऐकत होती, जणू हे सगळं तिसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

वेण्यांच्या पोरीनं हात वर केला.

“मावशी, तिला इचारलं का?”

विचारलं होतं. डॉक्टरांना विचारलं होतं, बाईंना, सासूबाईंना, मोबाईलला. रेवालाही कितीदा तरी म्हटलं होतं, बोलत का नाहीस गं तिथं? पण ते विचारणं नव्हतं. ते रागावणं होतं, आणि रेवाला ते बरोबर कळायचं.

वृषाली बस्करापाशी उकिडवी बसली.

“रेवा, तू शाळेत का बोलत नाहीस? भीती वाटते ना? तिथल्या बाई रागवायच्या, म्हणून ना?”

खट्. खट्. खट्. खट्.

या वेळी अख्ख्या वर्गानं पाट्या आपटल्या. रेवानं सगळ्यांत जोरात.

“उत्तर खिशात ठेवून विचारू नका, ताई,” गुरुजी दारातून म्हणाले. “आधी खिसा उलटा करा.”

वृषालीनं श्वास घेतला.

“का गं?”

एवढंच. आणि ती थांबली.

...

बाहेर नळ ठिबकत होता. मागं कुणीतरी शिंकलं आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. वृषालीच्या जिभेवर शब्द नुसते धडका मारत होते. घाबरू नकोस, सांग, काही हरकत नाही, मी आहे ना. तिनं ते बाहेर येऊ दिले नाहीत. कसे अडवले, ते तिला नंतर कळलं. ओढणीचं ओलं टोक आता तिच्याच दातांत होतं.

रेवानं तिच्याकडं बघितलं. मग वेण्यांच्या पोरीकडं, मग म्हशीवाल्याकडं.

तिनं आपली पाटी हळूच सुलटी केली, फ्रॉकला पुसली, आणि घरी मांजराशी बोलायची अगदी त्याच आवाजात म्हणाली,

“आई, तू जरा बाहेर बस. मी ह्यांना सांगते.”