घाटाजवळची जागा

नदीच्या काठी एक गाव होते आणि त्या गावाचे पाटील होते अंतोजी. माणूस भाविक. देवपूजा झाल्याखेरीज मुखात पाण्याचा थेंब घेत नसत.

गावाच्या काठावरून पैलतीरीच्या बाजाराला एक लहानशी नाव जाई. कुंभार, माळी, विणकर काठावरच आपल्या झोपड्यांपुढे बसून नावेची वाट पाहत. कोणी अभंग आळवी, कोणी भांडे, आणि भांडणारेच पुढच्या कडव्याला टाळ धरीत. अंतोजींचे बालपण त्या गलबल्यात गेले होते.

पुढे राजाने तेथे दगडी घाट बांधला, मोठी नाव दिली आणि घाटाभोवती पेठ वसवण्याचे काम पाटलांवर सोपवले. राजाच्या घाटाला झोपड्या शोभत नाहीत, असे पाटलांच्या मनाने घेतले. काठावर त्यांनी आपले व भाऊबंदांचे वाडे, धान्याची कोठारे आणि एक सुरेख देऊळ उभारले. झोपडीवाल्यांना टेकडीमागे ऐसपैस जागा दिली. आपण पुण्यच केले, असे त्यांना वाटले.

वर्ष सरले. वाड्यांतली मंडळी घोड्यावर बसून वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून बाजाराला जात. देवळात आरतीला पाटील आणि पुजारी, एवढेच. एके दिवशी नावाडी म्हणाला, "पाटील, दरबारचा निरोप आहे. रिकामी नाव पोसायची नाही म्हणतात. दसऱ्यानंतर बंद."

नाव गेली की गोरगरिबांचा बाजार गेला, आणि बाजार गेला की गाव उठले. पाटील तसेच टेकडी ओलांडून भागाई कुंभारणीकडे गेले.

"भागाई, एवढी जागा दिली, तरी तुम्ही घाटाकडे फिरकत नाही?"

"जागा दिलीत हो," भागाई मडके थापता थापता म्हणाली. "पण उतरणीवर निम्मी मडकी फुटतात. घाटाजवळ तुमची कोठारं राहतात ना? त्यांनाच सांगा नावेत बसायला."

पाटील परतले. सायंकाळी आरतीला उभे राहिले, पण डोळ्यांपुढे मूर्ती येईना. येई तो जुना काठ, ती भांडणे, ते टाळ. देव तेव्हा तेथे होता, देऊळ नसताना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम स्वतःचा वाडा उतरवायला घेतला. भाऊबंद कुरकुरले. पाटलीणबाई म्हणाल्या, "लोक म्हणतील, पाटील टेकडीआड दडले."

"म्हणोत. आपल्या दारी घोडा आहे. भागाईच्या दारी आहे का?"

दसऱ्याआधी वाडे-कोठारे टेकडीमागे गेली, झोपड्या काठावर परतल्या आणि काठ पुन्हा गजबजला. नाव भरून जाऊ लागली, दरबारचा हुकूम फिरला. एका बाजाराच्या दिवशी पाटील पायीच घाटावर आले. नावेत तिळभर जागा नव्हती.

"सरका गं," भागाई म्हणाली, "टेकडीमागचे पाहुणे आलेत. दमले असतील."

सारी नाव हसली. पाटीलही हसले, आणि मडक्यांच्या उतरंडीशेजारी अंग चोरून बसले.

तात्पर्य: नावेजवळची जागा नावेने जाणाऱ्याची. ज्याच्या दारी वाहन आहे त्याने दूर राहावे. मग नाव चालते, गाव नांदते आणि देवालाही सोबत मिळते.