सात हत्तींची जकात

उदाजीराजांना सात हत्ती बक्षीस लागले होते, आणि ते काही केल्या घरी येत नव्हते!

बक्षिसाची बातमी आणली होती एका वकिलाने. पूर्वेकडच्या कुठल्याशा बादशहाचा वकील म्हणे! अंगावर जरीचा शेला, अत्तराचा घमघमाट आणि जिभेवर साखर. बादशहाने चिठ्ठ्या टाकल्या आणि राजांचं नाव निघालं. फक्त आधी हत्तींना नदीपार आणायची उतराई भरायची होती. राजांनी भरली. मग माहुतांचा पगार तुंबला. राजांनी दिला. मग एका हत्तीला जुलाब लागले. हत्तीचे जुलाब ते, औषधाला सोनं लागणारच! तेही गेलं. आता हत्ती घाटाखालच्या नाक्यावर जकातीसाठी अडले होते, आणि खजिन्यात नुसता खडखडाट होता.

राजांनी ठरवलं, गावाबाहेरचं कुरण विकायचं आणि जकात भरायची. तीही आज सूर्यास्ताच्या आत, नाहीतर हत्ती माघारी जातील! वकिलाने आणखी एक बजावलं होतं. "कुणाजवळ बोलू नका महाराज, दृष्ट लागते." म्हणून राजांनी ही गोष्ट फक्त प्रधानांना सांगितली. दुपारपर्यंत ती सगळ्या गावाला कळली.

येसू त्याच कुरणातलं गवत कापून विकायची. तिचं आणि तिच्या आंधळ्या आईचं पोट त्या गवतावर होतं. कुरण गेलं तर खायचं काय? तिने विळा कमरेला खोचला आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, कुरण इकू नका!"

"मग हत्ती कसे सुटणार?" राजे खेकसले.

"पर महाराज, तुम्ही चिठ्ठी कवा टाकली व्हती?"

"आम्ही राजे आहोत! आम्हाला चिठ्ठी टाकावी लागत नाही, नुसती लागते!"

प्रधानांना खोकला आला. राजांशेजारी बसलेला वकील गालात हसला. येसू मात्र तिथून हलेना, तसे राजे हट्टाला पेटले. "एवढी शहाणी आहेस ना पोरी? मग तूच जकात भागव! खजिन्यातली कवडी मिळणार नाही, कुरण विकायचं नाही आणि माझ्या पाहुण्याला खोटं म्हणायचं नाही. सूर्यास्ताला हत्ती दारात दिसले नाहीत, तर डोकं भादरून गाढवावरून धिंड काढीन!"

येसू म्हणाली, "कबूल! फकस्त वकीलसाहेबांशी दोन शब्द बोलू द्या."

तिने वकिलाला वाकून नमस्कार केला. "साहेब, जकात एका हत्तीच्या किमतीपरीस जास्त हाय का वो?"

"छे, छे!" वकिलाला वाटलं, आकडा लहान वाटलेला बरा. "एक हत्ती विकला तर अशा चार जकाती भागतील!"

"मग भागलं की काम!" येसूने टाळी वाजवली. "आमी गवतवाल्या नाक्यावर पैसा कुठनं देणार? भाऱ्यातली एक पेंढी उपसून देतो, झाली जकात. तुमी बी तसंच करा. एक हत्ती ठेवून घ्या, सहाच पाठवा. वरचा पैसा तुमाला बक्षीस!"

"वा!" राजे सिंहासनावरून उठलेच. "वकीलसाहेब, घ्या ठेवून!"

वकिलाचा चेहरा उतरला. "तसं... तसं चालत नाही महाराज. रोखच लागते."

"मग दोन ठेवा," येसू म्हणाली.

"नको, नको!"

"तीन!" आता राजांनाच चेव आला. "चार ठेवा! अहो, पाच ठेवा! जुलाबवाला मात्र तुमच्याकडेच राहू द्या!"

"महाराज, मला हत्ती नकोत, फक्त रोकड..."

राजांच्या मिशा हळूहळू खाली आल्या. "पाच हत्ती फुकट देतोय, ते नकोत? आणि मूठभर रोकड पाहिजे?"

"सहा ठेवा म्हणावं," येसू हळूच म्हणाली, "आन् सातव्याची नुसती शेपटी दाखवा."

वकिलाला एकाएकी तहान लागली आणि तो पाणी प्यायला दाराकडे निघाला. शिपायांनी त्याला तिथेच धरलं. दिवस मावळता मावळता त्याच्या घोड्याचं खोगीर उसवलं, तर आतून उतराई निघाली, माहुतांचा पगार निघाला आणि जुलाबाचं औषधही निघालं!

राजे मनातून पार खजील झाले होते. पण राजेच ते! "ते असू दे," ते घसा खाकरून म्हणाले. "पैज पैज असते. सूर्य बुडाला. माझे हत्ती कुठायत?"

धिंडीसाठी बोलावून ठेवलेल्या न्हाव्याने वस्तरा परजला.

"हत्ती?" येसूने डोळे मोठे केले. "हत्ती तर कवाचेच घरात आल्यात महाराज! न्हाईतर एवढा खजिना खाल्ला कुनी?"

राजांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते असे हसले की मुकुट घरंगळत न्हाव्याच्या पायाशी गेला. कुरण गावाला कायमचं मिळालं. हत्तींसाठी बांधलेला नवा कोरा पिलखाना येसूच्या गवताला मिळाला, आणि तिच्या आईला दुभती म्हैस.

आणि दुसऱ्या दिवसापासून जरीचा शेला कमरेला आवळून, डोक्यावर येसूच्या गवताचा भारा घेतलेले वकीलसाहेब नाक्यावर दिसू लागले. नाकेदार रोज हात पुढे करायचा, आणि ते निमूटपणे एक पेंढी उपसून द्यायचे.