भार्गवी कुठे आहे?

एकदा एक तरुण आई आपल्या जुन्या बाईंकडे सल्ला मागायला गेली. लहानपणी धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, प्राथमिक शाळेत बाईंनीच तिला शिकवलं होतं. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता, आणि तेव्हापासून सहा वर्षांची लेक घराबाहेर एक शब्दही उच्चारत नव्हती. पहिलीचा प्रवेश आठवडाभरात घ्यायचा होता.

"बाई, आपल्या चर्चची शाळा की हमरस्त्यावरची नवी? नव्या शाळेत पोहायचा तलाव आहे. आपल्याकडे अजून तेच बाक."

"आणि त्यावर तू कर्कटकाने कोरलेलं तुझं नाव," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी ये."

एका शब्दाचं उत्तर द्यायला वडीलधाऱ्यांना नेहमी उद्याची सकाळ लागते. तरी ती गेली.

नव्या शाळेत बाईंनी ना तलाव पाहिला, ना माहितीपत्रक घेतलं. पहिलीच्या वर्गाबाहेर त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. भराभर हजेरी झाली. "तीन गैरहजर. पुस्तकं काढा," आतून आवाज आला.

"चल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चर्चच्या शाळेत तशाच उभ्या राहिल्या. प्रार्थना संपली, हजेरी सुरू झाली.

"एल्टन रुमाव?"

"टीचर, त्याला कांजिण्या आल्यात! मी मोजल्या, अकरा!"

"भार्गवी सुतार?"

कोणी बोललं नाही.

"भार्गवी कुठे आहे? कोणाला ठाऊक?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. ती मुलगी गावात नवी होती. टीचरनी पेन खाली ठेवलं. "कोणालाच नाही? मग मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी जाऊन येते."

त्यानंतरच पुढचं नाव आलं.

"चल," बाई म्हणाल्या.

"पुरे झालं, बाई!" आई भडकली. "दोन दिवस रजा काढून नुसती हजेरी ऐकली. निदान शिकवणं तरी ऐकायचं!"

"शिकवणं दोन्हीकडे होईल, पोरी. पण तुझी लेक नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणणार नाही. तिचं मौन कोणाला ऐकू येईल, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. तिथे तीन मुलं एका आकड्यात मावली. इथे एका मुलीसाठी वर्ग थांबला."

आईने वळून वर्गाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मार्चमध्ये मी पाच दिवस तापाने फणफणत होते. ऑफिसातून एकच फोन आला, कपाटाची किल्ली कुठे आहे म्हणून."

"मलाही कळलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."

आई कार्यालयात जाऊन प्रवेशाचा अर्ज घेऊन आली. बाई फाटकाशी उभ्या होत्या.

"आता तुझ्या घरी ने मला," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, मी तुझं दार पाहिलेलं नाही."