जिला काही नाही, तिचं पान

“...पण महाराज, विचारलेल्या प्रश्नापुढची जागा नुसती कोरी सोडली, तर ते खोटं कसं होईल?”

अचलनाथ महाराज धुनीतलं लाकूड आत सरकवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पौषाचे दिवस. डोंगरावरच्या त्या मठात धुकं दुपारपर्यंत उठतच नाही. त्यात धुनीचा धूर मिसळतो आणि समोर बसलेला माणूस घटकेत असतो, घटकेत नसतो. बोलणंही लांबून आल्यासारखं वाटतं.

निशिकांत वाघोले आईचं बोट धरून पहिल्यांदा इथे आला, तेव्हापासून महाराजांचा शिष्य. म्हणायला शिष्य. शंका विचारायला येताना उत्तर घरूनच बांधून आणायचा, महाराजांनी फक्त मान डोलवायची! विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचणारा त्यांच्या घराण्यातला तो पहिला माणूस, आणि त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

शेजारी त्याची मुलगी बसली होती. शाल्मली, आठ वर्षांची, मठात पहिल्यांदाच आलेली. तिच्या मांडीवर निळी पिशवी होती आणि पिशवीत इन्सुलिन. चौथ्या वर्षी तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो, जन्माचा सोबती. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी एक सुई बोटाला, एक पोटाला.

“जुन्या विम्यात आता हिच्या डॉक्टरांचा दवाखाना बसत नाही,” निशिकांत म्हणाला. “नव्या कंपनीत बसतो. पण आजार लिहिला तर ते एक तर नाकारतील, नाही तर काही वर्षं थांबा म्हणतील. एजंट म्हणतो, लिहूच नका. लहान मुलांची तपासणी करत नाहीत. फोनवर चार प्रश्न विचारतात, तेवढंच.”

“हं...”

“उद्या सही करायचीय. आणि हे मी माझ्यासाठी करत नाहीये, महाराज.”

“हं...”

“तुम्ही एकदा हो म्हणा. माझ्या मनाला बरं वाटेल.”

महाराजांनी चिमटा खाली ठेवला. धूर एकदा इकडे वळला, एकदा तिकडे...

“पानं मांडलीत. चला बसा!” आतून गोदाक्काची हाक आली. मठातलं रांधणं-वाढणं तिच्याकडे.

या मठाची एक रीत होती. पंगत बसली की, वाढण्याआधी प्रत्येकानं धुनीकडे तोंड करून आपलं दुखणं मोठ्यानं सांगायचं. आडपडदा नाही, लाज नाही. गोदाक्का ऐकायची आणि तसं वाढायची. पित्तवाल्याला तिखट कमी, बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याला रोट दुधात कुस्करून. ही रीत कुणी घातली, कुणाला ठाऊक नव्हतं. निशिकांत ती लहानपणापासून पाहत आला होता, त्यामुळे तिच्यात पाहण्यासारखं काही असेल असं त्याला कधी वाटलंच नाही.

“गुडघे,” एक आजोबा धुनीला म्हणाले.

“डोळ्याला डोळा लागत नाही,” एक बाई म्हणाली.

“पित्त,” निशिकांत म्हणाला, उरकून टाकल्यासारखं.

“आन् तुला गं, बाय? काय हुतंय तुला?” गोदाक्का शाल्मलीपुढे वाकली.

शाल्मलीनं बाबाकडे पाहिलं. घाट चढून येताना गाडीत दोघांनी सराव केला होता. फोनवरच्या बाई विचारतील, शाळा बुडते का? नाही. रोजचं औषध काही? नाही. काय होतं तुला? इथे ती आधी चुकायची. मग चुकायची थांबली.

“काही नाही,” ती धुनीकडे तोंड करून खणखणीत म्हणाली आणि निळी पिशवी तिनं हळूच पाठीमागे सरकवली.

“गुणाची गं माझी बाय!” गोदाक्का खुलली. पोरीला काही नाही म्हटल्यावर तिचा हात कशाला आखडतोय? पानात अख्खा रोट पडला, गुळाचा. वर तुपाची धार. वर आणखी गुळाचा खडा, तो नुसताच मायेचा.

निशिकांत वाट पाहत राहिला. पोरगी आता पिशवी उघडेल, बोट पुढे करेल. रोज करते.

शाल्मलीनं रोटाचा तुकडा मोडला.

“शालू... सुई?” तो हळूच म्हणाला.

“कसली?” शाल्मली म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. बाबानं घेतलेल्या परीक्षेत ती पास होत होती.

तुकडा ओठांपर्यंत गेला. निशिकांतनं तिचं मनगट पकडलं.

“मधुमेह आहे तिला!” तो ओरडला. “सुई घेतल्याशिवाय नाही चालत! हिला... रोज लागते हिला सुई!”

सगळी पंगत हातातला घास थांबवून बघत राहिली. गोदाक्कानं तोंडाला पदर लावला.

शाल्मलीचे डोळे भरून आले. “पण बाबा, मी बरोबर सांगितलं होतं ना?”

निशिकांतनं तिला पोटाशी घेतलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महाराज उठले. सावकाश, गुडघ्यावर हात टेकत. शाल्मलीसमोरचं भरलेलं पान त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. पाण्याचा तांब्याही तिकडे सरकवला. पान जरा तिरकं बसलं होतं, ते सरळ केलं.

“गोदाक्का, पोरीला तिचं पान मांड,” ते म्हणाले.

निळी पिशवी पुढे आली. बोटाला सुई, मग पोटाला. औषध लागू पडेपर्यंत थोडं थांबावं लागतं, हे निशिकांतनं सांगितलं. कुणी त्याला विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मग पंगतीतल्या कुणीच घास उचलला नाही. आजोबांचा दुधातला रोट निवत गेला. सगळे एका लहान मुलीसाठी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. गोदाक्कानं नव्या पानावर अर्धा रोट वाढला, आणि सवयीनं उचललेला गुळाचा खडा डब्यात परत टाकताना स्वतःशीच पुटपुटली, “आधी सांगायचं न्हाई व्हय गं, बाय...”

“महाराज,” निशिकांतनं विचारलं, “ते पान कुणाचं?”

“तुझ्या मुलीचं.”

“हिचं तर हे इथे...”

“जिला काही नाही, तिचं.”

धूर खाली उतरला. धुकं दारातून आत आलं आणि दोन्ही एकमेकांत मिसळली. त्या पांढुरक्या उजेडात निशिकांतला ती दिसली. त्या पानावर मांडी घालून बसलेली. तशाच दोन वेण्या, तसाच पुढचा पडलेला दात. जवळ पिशवी नव्हती. बोटांची टोकं कोवळी, कुठे टोचल्याची खूण नाही. ती गुळाचा खडा चघळत होती आणि तिच्यावर कुणालाच लक्ष ठेवावं लागत नव्हतं.

त्याला ती मुलगी हवी होती. चार वर्षं रोज, प्रत्येक सुईला, हवी होती. हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

शेजारी खरी शाल्मली अर्ध्या रोटाचे बारके तुकडे करत बसली होती. तिनं एक तुकडा बाबाच्या पानात ठेवला.

“महाराज,” निशिकांत म्हणाला. आवाज पार खाली आला होता. “खरं लिहिलं आणि त्यांनी नाही घेतलं तर... मी काय करू?”

या वेळी त्यानं घरून उत्तर आणलं नव्हतं.

महाराजांनी शेजारच्या पानाकडे बोट केलं.

“बघ,” ते म्हणाले, “त्या पानावर कोण बसलंय?”

निशिकांतनं पाहिलं. वाऱ्याची झुळूक आली होती. धूर उठून छपराकडे चालला होता. तूप थिजलं होतं, रोटावर एक मुंगी चढत होती...

“कुणी नाही, महाराज.”

“मग उद्या विमा कुणाचा उतरवतोयस?”