मोराचा डोळा सगळ्यात शेवटी

काजवेवाडीच्या अगदी टोकाला, जिथे पाऊलवाट संपते आणि पिवळ्या गोंड्यांच्या बाभळी सुरू होतात, तिथे एक बुटकंसं घर होतं. त्या घरात कुसुंबी नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई भागीरथी अशा दोघीच राहायच्या. दोघी म्हणायचं खरं, पण भीतीही त्यांच्याबरोबर राहत होती. ती दाराआड उभी असायची, चुलीपाशी बसायची, आणि कुसुंबीने डोळे मिटले की हळूच तिच्या उशाशी येऊन टेकायची.

भीती आईच्या डोळ्यांची होती.

आई मॅटीच्या जाळीदार कापडावर फुलीचे टाके भरायची. एक टाका असा तिरका, त्याच्यावर दुसरा तसा तिरका, की झाली इवलीशी फुली. अशा हजार फुल्यांमधून ती पोपट उडवायची, कमळं फुलवायची. पण गेल्या वर्षभरात तिच्या डोळ्यांवर, दुधावर साय धरावी तसं पांढरं काहीतरी धरत चाललं होतं. आधी तिला सुईचं नेढं दिसेना, मग रंग दिसेनासे झाले. आता कुसुंबी रंग सांगायची आणि आई बोटांनी कापडाची भोकं मोजून टाके घालायची.

देसाईणकाकूंच्या मुलीच्या लग्नासाठी दोघींनी असंच एक तोरण भरलं होतं. पोपटी पानं, डाळिंबी कळ्या, आणि मधोमध समोरासमोर उभे दोन निळेशार मोर. सगळं झालं होतं, फक्त मोरांचे डोळे उरले होते. काजवेवाडीच्या बायकांची रीतच होती तशी. पाखराचा डोळा सगळ्यात शेवटी भरायचा, नाहीतर पाखरू अर्ध्या अंगानेच उडून जातं म्हणे. आणि डोळा भरायचा तो सोनेरी जरीने. तीन ओळी, ओळीत तीन फुल्या, म्हणजे एका डोळ्याच्या नऊ.

देसाईणकाकूंनी जरीचं एक चिमुकलं रीळ दिलं होतं आणि सांगितलं होतं, की उद्या सकाळी मुलीला हळद लागायच्या आत तोरण दाराला लागलं पाहिजे. नाही लागलं, तर भागीरथीला आता काम होत नाही असं गावभर होईल, आणि पुढचं काम कुणी देणार नाही. मग काय होईल, ते कुसुंबीने दाराआडून ऐकलं होतं. आई दूरच्या मामाकडे जाईल. मामाकडे एकाच माणसाची सोय आहे. कुसुंबी देसाईंच्या घरी कामाला राहील.

एकाच माणसाची.

ही सोनेरी जर आईच्या बोटांचं ऐकत नव्हती, म्हणून डोळे कुसुंबीने भरायचे ठरले. त्या दुपारी ती ओट्यावर बसली. सुई ओवताना पाच वेळा नेढं हुकलं. पुन्हा पुन्हा ओवायला नको, म्हणून तिने काय केलं, तर रिळावरची सगळी जर एकदमच ओढली आणि लांबच लांब धागा ओवला.

नेमकं हेच करायचं नसतं. जर म्हणजे आत साधा दोरा आणि त्याच्यावर गुंडाळलेली सोन्याची पातळशी साल. लांब धागा कापडातून शंभरदा जातो, शंभरदा घासतो, आणि ती साल सोलवटून निघते. दुसऱ्याच टाक्याला धाग्याला पीळ पडला. कुसुंबीने घाबरून ओढला. गाठ बसली. तिने आणखी जोरात ओढला, आणि सोनेरी धाग्याचा पिंजलेला, करडा झुबका तिच्या हातात आला.

आतून आईने विचारलं, जमतंय ना गं? कुसुंबी हो म्हणाली, आणि तो झुबका सुईसकट मुठीत धरून तळ्याकडे पळाली. जरीचा धागा रुसला की आई त्याच्यावरून ओलं बोट फिरवायची, तेवढं एकच तिला आठवत होतं.

तळ्याच्या काठी बाभळी फुलल्या होत्या. पिवळे मऊ गोंडे पाण्यावर पडून डुलत होते. कुसुंबीने झुबका भिजवला, रडत रडत सोडवला. सगळी जर विरली होती. फक्त एक हातभर तुकडा तेवढा धड निघाला, लखलखीत. एका डोळ्यापुरता.

तेवढ्यात तिच्या कानाशी कुणीतरी हुंदका दिला. कुसुंबी दचकून मागे सरकली ती चिखलातच बसली.

बाभळीच्या काट्यावर एक बोटाएवढी परी अडकली होती. तिचा झगा जांभळ्या कोकमाच्या रंगाचा होता, केसांत दवाचे थेंब होते, आणि पंख होते मॅटीसारखे जाळीचे, अगदी बारीक, उजेडाचे विणलेले. त्यातला एक पंख टरकन फाटला होता.

"घाबरू नकोस," परी म्हणाली. "मीच किती घाबरलेय बघ."

कुसुंबीने तिला काट्यावरून अलगद सोडवून तळहातावर घेतलं. पंखाचा फाटका काठ वाऱ्याने आणखी उसवत होता. कुसुंबीने पंखाकडे पाहिलं, मग त्या हातभर जरीकडे पाहिलं. आईसुद्धा डोळ्यांपुढे आली, मामाच्या बैलगाडीत बसलेली. तिला पुढचा विचार करायचीच भीती वाटली, म्हणून तिने सुई ओवली. अख्खा धागा एका दमात, पहिल्याच खेपेला. आखूड धागा न कुरकुरता आत-बाहेर गेला. सहा फुल्या घातल्यावर पंख सांधला गेला.

परीने पंख उघडला, मिटला. मग ती पाण्यावर उतरली, जिथे मावळतीकडे झुकलेल्या उन्हाची सोनेरी पट्टी पडली होती. त्या पट्टीतून तिने हातभर लांबीचे दोन धागे उपसून काढले.

"माझं नाव झिरमिळी," ती म्हणाली. "हे दोन धागे म्हणजे दोन इच्छा. सुई ओवताना इच्छा मनापासून बोलायची आणि एका धाग्यात एक डोळा भरायचा. हातांचं काम मात्र इच्छेने होणार नाही हं, ते हातांनीच करायचं. गावात पहिला दिवा लागायच्या आत डोळा पुरा झाला, तरच इच्छा टिकेल. आणि टाका उसवलास, तर इच्छाही उसवेल. धाग्याची राख होईल."

"आणि मी घाबरून ओढला तर?"

"तर तुटेल. पीळ पडला की ओढायचं नाही. सुई सोडून द्यायची, खाली लोंबू द्यायची. ती गरगर फिरेल. थांबली की धागा शहाणा झालेला असतो."

एवढं सांगून ती बाभळीच्या गोंड्यांत दिसेनाशी झाली.

कुसुंबी धावत घरी आली. सूर्य समोरच्या चिंचेपर्यंत उतरला होता. पहिला दिवा लागायला किती वेळ उरला असेल? तेवढ्यात होतील का अठरा फुल्या? न झाल्या तर? तिने पहिला धागा सुईत घातला, आणि तोंडातून भीतीच बोलून गेली.

"सूर्या, थांब ना रे. जाऊ नकोस."

सूर्य थांबला.

केशरी, गोल, चिंचेच्या शेंड्यावर टेकून तो नुसता उभा राहिला. कुसुंबीने पहिल्या मोराचा डोळा भरायला घेतला. सावकाश, प्रत्येक वरचा टाका एकाच बाजूला झुकलेला, कारण एक जरी उलटा झाला तर चमक मोडते. नऊ फुल्या झाल्या. मोराचा डोळा लकाकला. सूर्य तिथेच होता.

पण बाकीचं सगळंही तिथेच होतं. जाईच्या कळ्या उमलेनात. गाई रानातून परतेनात, म्हणून पलीकडच्या देसाईंच्या गोठ्यातलं तांबडं वासरू हंबरून हंबरून दमलं. शेजारच्या ओट्यावर सगुणाआजी बसल्या होत्या. आज संकष्टी. चंद्र उगवल्यावर खायचे मोदक त्यांनी केळीच्या पानाखाली झाकून ठेवले होते.

"कुसे," आजी म्हणाल्या, "तुझे डोळे तरणे आहेत. बघ बरं, तो सूर्य हलतोय का तिथेच पाय पसरून बसलाय?"

कुसुंबीने मोराचा डोळा तळव्याखाली झाकला.

"माझा बाप्पा मोदकासाठी खोळंबलाय, आणि मी बाप्पासाठी," आजी हसल्या. पण हसता हसता त्यांची मान खांबाला टेकली. ओठ सुकले होते.

कुसुंबीला वाटलं, आधी दुसरा डोळा भरून घ्यावा, मग हा उसवावा. थोडाच तर वेळ. तिने दुसरा धागा उचललाही. तेवढ्यात आजींचा हात मांडीवरून घसरून खाली पडला आणि वासराचा आवाज बंदच झाला.

तिने धागा खाली ठेवला. सुईचं टोक मोराच्या डोळ्यात घातलं आणि एकेक फुली उसवली. नऊच्या नऊ. धागा तिच्या मांडीवर राखेच्या रेघेसारखा पडला आणि वाऱ्याने उडून गेला.

अडवून ठेवलेला सगळा वेळ मग एकदम धावत आला. सूर्य चिंचेमागे धपकन उतरला. गाई घंटा वाजवत परतल्या, वासरू आईला लुचलं, जाई उमलली. आजींनी डोळे उघडले. आणि देसाईंच्या अंगणात लग्नघरच्या बायका पणत्यांमध्ये वाती घालू लागल्या.

आता एकच धागा, एकच इच्छा, आणि वेळ तर जवळजवळ नाहीच.

"माझ्या आईला दिसू दे," कुसुंबी कुजबुजली आणि धागा ओवला.

एक फुली. दुसरी. तिचे कान पणत्यांकडे होते. तिसरी, चौथी. कुणीतरी तेल आणा म्हणत होतं. पाचवी. सहावी. कुणीतरी काडेपेटी मागितली. सातव्या फुलीला धाग्याला पीळ पडला.

हात ओढायला निघालाच होता. सगळं अंग ओढ म्हणत होतं. कुसुंबीने दात घट्ट मिटले, आणि सुई सोडून दिली.

सुई खाली लोंबली. गरगर, गरगर फिरली. पलीकडे काडी ओढल्याचा आवाज झाला आणि ती विझली, पुन्हा ओढली, पुन्हा विझली. सुई हळू झाली. आणखी हळू. कुसुंबीच्या छातीतली धडधडही तिच्याबरोबर हळू होत गेली. सुई थांबली. धागा सरळ, शहाणा, सोनेरी लोंबत होता.

आठवी फुली. नववी. देसाईंच्या अंगणात पहिली पणती लागली.

घरात शांत होतं. कुसुंबीला मागे वळून बघायचा धीर होईना. मग उंबऱ्यातून आईचा आवाज आला.

"कुसू, परकराला केवढा चिखल लावून घेतलायस गं हा."

कुसुंबी वळली. आई तिच्याकडे बघत होती. अंदाजाने तिच्या दिशेला नाही, तिच्याकडेच. काळेभोर, स्वच्छ डोळे. कुसुंबी आईच्या कुशीत शिरली आणि सगळं सांगून टाकलं, लांब धाग्यापासून राखेपर्यंत. आईने तोरण उजेडाकडे धरलं. एक मोर तिच्याकडे बघत होता. दुसऱ्याच्या डोळ्याच्या जागी नऊ रिकामी घरं होती.

"वेडाबाई, मला सांगायचं नाहीस होय?" आई म्हणाली. "आता मला दिसतंय. आपण दोघी कुठे जात नाही. सकाळी देसाईणकाकूंना खरं ते सांगू. काय बोलायचं ते बोलतील."

"पण मोर आंधळाच राहणार ना?"

आईने त्या रिकाम्या घरांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात जाईच्या वेलात काहीतरी झिळमिळलं, आणि झिरमिळी तोरणाच्या काठावर येऊन बसली. आईने श्वास रोखला. इतक्या दिवसांनी दिसू लागलं आणि दिसलं ते हे!

झिरमिळीने पंख पसरला. त्याची फाट केव्हाच भरून आली होती, जाळी अखंड झाली होती. त्यावरच्या सहा फुल्या आता उगीचच होत्या.

"जखम भरली की टाके काढायचे असतात," ती म्हणाली. "ही सोनेरी जर माझी नाही. तुझीच आहे."

तिने टोक धरून अलगद ओढलं. उसवलेली जर कधी धड राहत नाही, पण ही राहिली. हातभर, लखलखीत, एका डोळ्यापुरती.

आईने सुई घेतली आणि पहिल्याच खेपेला ओवली. खालचा तिरका टाका आईने घालायचा, वरचा कुसुंबीने, असं करत दोघींनी नऊ फुल्या भरल्या. शेवटची फुली पडली आणि दोन्ही मोरांनी एकमेकांकडे पाहून पापणी लववली. झिरमिळी खुदकन हसली, तिचे पंख उजळत गेले, उजळत गेले, इतके की ओटा, जाई, आईचा चेहरा सगळं सोनेरी झालं. त्या उजेडात ती विरघळून गेली. रात्र चढल्यावर शेजारून सगुणाआजींची हाक आली, की चंद्र वर आलाय, मायलेकी मोदक खायला या.

सकाळी तोरण दाराला लागलं. नवरीने मोरांकडे दोनदा वळून पाहिलं.

भीती अजूनही कधीमधी त्या घरी येते. दाराआड उभी राहते. मग कुसुंबी हातातली सुई सोडून देते, ती गरगर फिरते, थांबते, आणि कुसुंबी पुढची फुली घालते.