उपजत वाटाड्या

एक होतं जंगल. जंगलात नदी, नदीत डोह, डोहात मगर. मगरीला राजकारणात रस नव्हता. तिला घरबसल्या मिळत होतं.

उन्हाळ्यात अलीकडचं गवत वाळलं की हरणांना पलीकडं जावंच लागे. वाट एकच, डोहाला खेटून नदीपार गेलेला दगडांचा उतार. पण दर पुरात दगड जागा सोडत. म्हणून गेनू नावाचं पाणमांजर रोज सकाळी पाण्यात उतरे, एकेक दगड हलवून बघे आणि जो डुगडुगत नाही त्याच्या खाचेत शिंपला खोचून ठेवी. शिंपल्यामागून शिंपला धरत हरणं पार. सोळा उन्हाळे हेच. पहिल्या वर्षी तो स्वतःच तीनदा डोहात पडला होता. त्याचं अर्धं शेपूट अजून मगरीकडं आहे.

मग सिंहमहाराजांना वाटलं, वाटाड्याची जागा आपल्या पुतण्याला, बाळराजेंना द्यावी. प्रधान होती घोरपड. खुर्चीला एकदा चिकटली ती चिकटली. तिनं रीतसर मुलाखत ठेवली.

“सराव किती?”

“सोळा उन्हाळे, बाईसाहेब. रोज.”

“अजून करतोस?”

“करावाच लागतो. दगड काय मला विचारून सरकतात?”

घोरपड दरबाराकडं वळली. “ऐकलंत? सोळा वर्षं झाली, गडी अजून शिकतोच आहे. अंगात असतं तर पहिल्याच दिवशी आलं नसतं का?”

बाळराजेंना विचारलं, पाण्यात कधी उतरलात? ते म्हणाले, आपण आंघोळसुद्धा करत नाही. पैकीच्या पैकी गुण पडले.

दुसऱ्या दिवशी सरावबंदीचा हुकूम निघाला. सराव करणं म्हणजे आपल्यात काही नाही याची कबुली. कोकीळ रियाज करताना सापडला, आत गेला. माकडांच्या पोरांनी पहिल्याच उडीत फांदी धरायची, नाहीतर जन्मभर जमिनीवर राहायचं. नुकती जन्मलेली पाडसं उभी राहताना धडपडली, तर त्यांच्या दाखल्यावर शिक्का बसला: चालण्याचा गुण नाही.

असा शिक्का बसलेलं एक पाडस पुतळीचं होतं. पुतळी म्हणजे कळपाची म्होरकी चितळीण. ती गेनूकडं आली.

“गेनूभाऊ, गवत संपलं. पोर अजून धड उभं राहीना, आणि पुढं असणार बाळराजे. काय करू?”

गेनूनं आधी दरबाराला शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. मग म्हणाला, “राजेंच्या पंजाकडं बघू नको. पाण्यात बघ.”

दुपारी सगळा दरबार जेवून घोरत पडला, तेव्हा तो गुपचूप नदीत उतरला.

पार व्हायच्या दिवशी काठावर तोरणं, हार, घोषणा. ‘शिकलेले आले नि गेले, उपजत राजे आम्हां मिळाले!’ बाळराजेंनी पाय न भिजवता पंजा उचलला आणि थेट डोहाकडं दाखवला. मगरीनं स्वागताला तोंड उघडलं. पुतळीनं राजेंना लवून नमस्कार केला आणि डावीकडं वळली. शिंपला, मग दुसरा शिंपला. मागून अख्खा कळप. पाडस एकदा घसरलं, उठलं, पार झालं.

बाळराजेंचा पंजा अजून डोहाकडंच होता. घोरपडीनं तो हळूच धरून डावीकडं वळवला. टाळ्या झाल्या.

पण शिंपले सापडले. सरावाचा एवढा ढळढळीत पुरावा! गेनूला बांधून आणलं. साक्षीला पुतळी. तिच्या पाडसाच्या दोन्ही बाजूंना दोन तरस उभे.

“तुम्हांला पार कुणी नेलं?”

पुतळीनं गेनूकडं पाहिलं, मग पाडसाकडं.

“राजेंनी,” ती म्हणाली.

गेनूनं मान डोलावली. पाय कुठं ठेवायचा ते तिला आता कळायला लागलं होतं.

गेनूला नदीबंदी झाली. शिंपले ही राजेंची दैवी खूण ठरली. पुढच्या पुरात दगड सरकले, तेव्हा सरकारनं शिंपले गोळा करून मोठ्या भक्तिभावानं गेल्या वर्षीच्याच जागी मांडले.

यंदा उन्हाळा कडक आहे, गवत लवकर संपलंय. आणि मगरीनं कालच जाहीर पक्षप्रवेश केला.